पाउल एर्लिख

पाउल एर्लिख (१४ मार्च १८५४ – २० ऑगस्ट १९१५) हे जर्मन वैद्यक शास्त्रज्ञ होते. प्रतिकारक्षमतेवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ साली इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाची रोगनाशक शक्ती आणि त्याचा विषारीपणा या दोन्ही गोष्टी एकत्र मोजण्याची पद्धत त्यांनी रूढ केली.

प्रारंभिक जीवन

एर्लिख यांचा जन्म सायलीशियातील स्ट्रेलेन (आता पोलंडमधील स्त्शेलिन) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आईकडील नातेवाईक व विकृतिशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांच्यामुळे त्यांना पेशी रंगवण्याच्या तंत्राची गोडी लागली. १८७८ साली त्यांनी लाइपझिग विद्यापीठाची वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. विशिष्ट रंगद्रव्य विशिष्ट पेशींनाच चिकटते, या निरीक्षणावरून केवळ रोगजंतूला गाठून मारणारे व शरीराला इजा न करणारे रसायन शोधण्याची कल्पना त्यांना सुचली.

प्रतिविषाचे प्रमाणीकरण

१८९० च्या दशकात एमिल फोन बेरिंग यांनी घटसर्पावरील प्रतिविष तयार केले. मात्र प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असल्याने उपचार बेभरवशाचे ठरत. ठरावीक वजनाच्या गिनीपिगवर विषाचा परिणाम मोजून एर्लिख यांनी प्रतिविषाचे प्रमाण एकक निश्चित केले. १८९६ साली बर्लिनजवळील श्टेग्लिट्स येथे स्थापन झालेल्या रक्तरस संशोधन व परीक्षण संस्थेचे ते संचालक झाले. १८९९ साली ही संस्था फ्रँकफर्ट येथे हलवण्यात आली.

सॅल्व्हरसान

निद्रारोगावर त्या काळी ॲटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त औषध वापरले जाई. त्याच्या नावाचा अर्थ बिनविषारी असा होता. प्रत्यक्षात त्यामुळे दृष्टितंत्रिकेला इजा होऊन काही रुग्ण कायमचे आंधळे झाले. एर्लिख व रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी ॲटॉक्सिलची खरी संरचना शोधली आणि त्यात फेरफार करून शेकडो नवी संयुगे बनवली. प्रत्येक संयुगाची प्राण्यांवर चाचणी घेऊन रोग बरा करणारी किमान मात्रा आणि प्राण्याला सहन होणारी कमाल मात्रा यांचे गुणोत्तर काढले जाई. या दोन मात्रांमधील अंतर जितके जास्त, तितके औषध अधिक सुरक्षित मानले जाई.

क्रमांक ६०६ चे संयुग आरंभीच्या चाचणीत निरुपयोगी ठरवले गेले होते. १९०९ साली जपानी शास्त्रज्ञ साहाचिरो हाता यांनी उपदंशाची लागण झालेल्या सशांवर त्याची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ते अत्यंत गुणकारी असल्याचे आढळले. विक्रीपूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना विनामूल्य देऊन रुग्णांवरील परिणामांची माहिती मागवण्यात आली. १९१० साली हे औषध सॅल्व्हरसान या नावाने बाजारात आले.

दुष्परिणाम व वाद

सॅल्व्हरसानची पूड हवेच्या संपर्कात आल्यास अधिक विषारी बनत असे. म्हणून ती बंद नळीत ठेवावी लागे. टोचण्यापूर्वी द्रावण तयार करण्यात चूक झाल्यासही धोका संभवे. काही रुग्णांचे मृत्यू झाले आणि एर्लिख यांच्यावर कठोर टीका झाली. ते दुष्परिणामांच्या तक्रारींचा पाठपुरावा करत राहिले. १९१२ साली पाण्यात सहज विरघळणारे निओसॅल्व्हरसान उपलब्ध झाले. हे औषध वापरण्यास सोपे असले, तरी त्याचे दुष्परिणाम पूर्णपणे टळले नाहीत. १९१४ साली फ्रँकफर्टमध्ये या औषधावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात एर्लिख यांना साक्ष द्यावी लागली.

मृत्यू व वारसा

२० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आल्यावर सॅल्व्हरसान मागे पडले. मात्र नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची उपचारक व घातक मात्रा प्राण्यांवर तपासण्याची रीत औषधनिर्मितीत कायम राहिली. श्टेग्लिट्स येथील संस्थेचा वारसा चालवणारी जर्मनीतील लँगेन येथील पाउल एर्लिख संस्था आज लसी व जैविक औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवते.