हाफकिन : लस टोचणारा आणि आकडे मोजणारा माणूस

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हे हाफकिन कोण, हे मला डिफरन्शियल इक्वेशन्सचं युनिट सुरू होईपर्यंत ठाऊक नव्हतं. (मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा इंग्रजी शब्द चालवून घ्या.)

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसाचा, ज्यू घरातला. शिकले प्राणिशास्त्र, म्हणजे डॉक्टर नव्हतेच! पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी लायब्ररीचं काम केलं. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस बनवली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. पुढच्या वर्षी भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. आपल्या प्रोजेक्ट लॅबची तक्रार करणाऱ्यांनी हे वाचावंच. तीन महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला पुन्हा स्वतःवर प्रयोग. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडचे रोगी मोजले. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. मला लसीइतकीच ही मोजणी महत्त्वाची वाटते.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. खापर हाफकिनवर फुटलं, पद गेलं. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता, हे नंतर पुढे आलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली ती गेलीच. परळच्या लॅबला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

आता आपलं गणित. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीची समीकरणं मांडली आणि पडताळायला घेतले मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे आठवड्यावार मृत्यू. त्यांनी लोकांचे तीन गट केले : रोग होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा गेलेले. नवे रोगी पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरतात. लस माणसाला पहिल्या गटातून थेट तिसऱ्यात नेते. समजा आमच्या सानगडीत असा रोग आला की एक रोगी चौघांना देतो. चारातल्या तिघांना पक्की लस असेल तर एकालाच होईल. म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर गेलं की साथ आपोआप ओसरते, आणि लस न घेतलेला शेजारीही वाचतो.

पण मुंबईचा गाठीचा प्लेग माणसाकडून नव्हे, उंदरांवरच्या पिसवांकडून यायचा! उंदरांना लस कोण देणार? म्हणून हाफकिनची लस टोचलेल्याला वाचवायची, शेजाऱ्याला फारशी नाही. तो आलेख समीकरणात छान बसला तरी साथ मुळात उंदरांची होती, हे आमच्या पुस्तकात एका ओळीने तरी हवं होतं.

समीकरणं छापून आली तेव्हा हाफकिन युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० ला लोझान इथे ते वारले.