विश्लेषण : मनोरुग्णाला बळाने आवरावे का? चौथ्या शिवाजी महाराजांचा मृत्यू आणि आजचा कायदा

जालना एमआयडीसीतल्या एखाद्या पोलाद कारखान्यात रात्रपाळीचा कामगार अचानक बिथरतो, ओरडतो, अंगावर धावून येतो. अशा वेळी सोबत्यांच्या मनात पहिला विचार येतो तो दोरीचा. जालन्याहून काही तासांच्या अंतरावरच्या नगरमध्ये 1883 साली असेच बळ वापरले गेले आणि त्यात कोल्हापूरच्या छत्रपतींचा जीव गेला.

कोण होते चौथे शिवाजी महाराज?

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांना मूल नव्हते. 1871 मध्ये नारायणराव भोसले हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला आणि शिवाजी या नावाने गादीवर बसला. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता आणि महाराजांचे शिक्षणही गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होते. ते वयात येऊ लागले तेव्हा त्यांची प्रकृती आणि मन ठीक नसल्याचे सांगितले जाऊ लागले. पुढे त्यांना वेडे ठरवण्यात आले. 1882 मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले आणि महाराजांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात हलवण्यात आले.

टिळक-आगरकरांचा संबंध काय?

महाराजांचा छळ होत असल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र पेटला होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. त्यासाठी आधार घेतलेली पत्रे न्यायालयात टिकली नाहीत. जुलै 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून दोघे बाहेर आले. महाराज मात्र किल्ल्यातच राहिले.

मृत्यू कसा झाला?

25 डिसेंबर 1883 रोजी महाराज आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारा ग्रीन हा गोरा सैनिक यांच्यात झटापट झाली. त्यात महाराजांचा अंत झाला. त्यांची प्लीहा फाटली होती. वय अवघे वीस. ग्रीनला शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी, 1884 मध्ये, राणी आनंदीबाईंनी घाटग्यांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. तेच राजर्षी शाहू महाराज.

मग चूक नेमकी कुठे झाली?

महाराज खरोखर आजारी होते की गादीसाठी वेडे ठरवले गेले, हा वाद अजून मिटलेला नाही. पण या वादात एक गोष्ट नजरेआड होते. ते आजारी नसतील तर त्यांना कोंडणे हा अन्याय होता. आजारी असतील तर त्यांना उपचार आणि शुश्रूषा हवी होती. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला पहारेकरी आला. बळ कधी वापरायचे, किती आणि कोणाच्या परवानगीने, याचा जाब रुग्णाच्या बाजूने विचारणारे तिथे कोणी नव्हते.

आजचा कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा मे 2018 पासून लागू आहे. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

- राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थितीवरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही.
- रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. एकांतकोठडीत ठेवता येत नाही.
- रुग्णालयात शारीरिक बंधन घालायचे तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्या वेळेसाठीच.
- शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन घालता येत नाही.
- कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद ठेवावी लागते. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवावे लागते.
- आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त 72 तास उपचार करू शकतो.
- पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते.

यातली बरीच अंमलबजावणी वॉर्डातल्या परिचारिकेच्या हातून होते. बांधलेल्या रुग्णाचा श्वास आणि रक्ताभिसरण पाहणे, त्याला पाणी देणे, शांत होताच बंधन सोडवण्यासाठी डॉक्टरांना सांगणे आणि हे सगळे लिहून ठेवणे हे तिचे काम. ती नोंद म्हणजे कारकुनी नव्हे. उद्या जाब विचारला गेला तर रुग्णाच्या बाजूने बोलणारा तोच कागद असतो.

कारखान्यात असा प्रसंग आला तर?

यंत्र बंद करा, जड आणि धारदार वस्तू दूर करा, गर्दी हटवा. ओळखीच्या एकाच माणसाने हळू आवाजात बोलावे. छातीवर बसू नका, पोटावर गुडघा देऊ नका. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. दोन्ही क्रमांक कारखान्याच्या फलकावर आजच लिहून ठेवा.