नाथांच्या घरची पंगत

संत एकनाथ महाराजांचे नाव निघाले की कोणाला त्यांचे भागवत आठवते, कोणाला भारुडे, कोणाला त्यांची शांती. मला मात्र त्यांचे घर आठवते. पैठणच्या त्या घरी रोज पंगत बसे आणि दारी आलेला उपाशी परत जात नसे, असे लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले. तेव्हा कौतुक वाटे ते नाथांचे. पुढे स्वतः संसाराला लागल्यावर आणि चार पाहुणे आले की आपली काय धांदल उडते हे अनुभवल्यावर मनात येऊ लागले, की ही रोजची पंगत रांधीत कोण होते? त्या होत्या नाथांच्या पत्नी गिरिजाबाई. आज मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त नाथांचे चरित्र आपणा भगिनींना सांगायचे, तर ते थोडे माजघराच्या बाजूने सांगावे असे वाटते.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास गोदाकाठी पैठण येथे झाला. पैठणचेच थोर विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडिलांचे नाव सूर्यनारायण आणि आईचे रुक्मिणी. दुर्दैवाने आईवडील दोघेही नाथांच्या लहानपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी त्या पोरक्या नातवाला वाढविले. मुलगा बुद्धीचा तल्लख, पण ओढ सारी देवाकडे. बारा वर्षांचा असेल नसेल, तोच आजीआजोबांना न सांगता घर सोडून देवगिरीला गेला. तेथे किल्ल्यावर जनार्दनस्वामी हे मोठे अधिकारी होते, आणि तितकेच मोठे साधुपुरुष. नाथांनी त्यांना गुरू केले व मनोभावे सेवा केली. स्वामींनी त्यांना हिशेबाचे काम सांगितले. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. स्वामींनी तेव्हा सांगितले, की एका पैसाठी जेवढे मन एकाग्र केलेस तेवढेच देवाकडे लाव. महिन्याचा हिशेब जुळवताना मला ही गोष्ट हटकून आठवते.

गुरूंबरोबर व पुढे एकट्याने तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले. इकडे आजीआजोबांचे डोळे वाटेकडे लागले होते. आजोबांनी जनार्दनस्वामींकडून पत्र आणून ठेवले होते, की हे पत्र मिळेल तेथेच थांबावे, पुढे जाऊ नये. पत्र हाती पडताच नाथ जेथे उभे होते तेथेच थांबले. आजोबांनी तेथेच राहण्याची सोय करून दिली. पुढे गुरूंच्या आज्ञेने नाथांनी लग्न केले. वधू विजापूरकडची. तिचे नाव गिरिजा. संसार सोडून देव शोधण्याची वाट नाथांना खुली होती. पण त्यांनी संसारात राहूनच देव पाहिला आणि आपल्यासारख्या संसारी माणसांना धीर दिला.

आता त्या घरचा दिवस पाहा. नाथ पहाटे उठून ध्यान व गोदास्नान करीत, मग पुराण सांगत. दुपारी आल्यागेल्याला घेऊन भोजन आणि रात्री कीर्तन. उद्धव नावाचा शिष्य घरचा कारभार पाही. पण चूल होती गिरिजाबाईंकडे. दळण जात्यावर आणि वाटण पाट्यावर. सरपण सुकवून ठेवायचे आणि पाणी गोदावरीवरून कावडीने आणायचे. आजच्या आपल्या स्वयंपाकातले बटाटे आणि टोमॅटो तेव्हा इकडे आलेलेच नव्हते. मिरचीही घरोघर पोहोचली नव्हती. तिखटाला मिरे आणि आले. जेवायला पत्रावळी व द्रोण. आणि माणसे किती येणार याचा अंदाज कधीच नाही.

पाणी भरायला श्रीखंड्या नावाचा मुलगा होता. तो कोठून आला हे कोणाला ठाऊक नव्हते. बारा वर्षे त्याने नाथांच्या घरचा रांजण भरला आणि तो श्रीकृष्णच होता, असे चरित्रात सांगतात. माझ्या भोळ्या मनाला यात एक गोड गोष्ट दिसते. देवाला नाथांच्या घरी यावेसे वाटले, तेव्हा त्याने पाटावर बसून जेवण्याचे काम मागितले नाही, पाणी भरण्याचे मागितले. घरात बाईच्या कामाला हात लावणारा देवासारखा वाटतो, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

एकदा ऐन पावसाळ्यात मध्यरात्री चार ब्राह्मण भिजून, कुडकुडत दारी आले. घरात शिधा होता, पण सुके सरपण नव्हते. नाथांनी आपला पलंग मोडला आणि त्याची लाकडे चुलीत घातली. गिरिजाबाईंनी त्या वेळी उठून स्वयंपाक केला. दुसऱ्या एका रात्री घरात चोर शिरले. नाथांनी त्यांना हाका मारून पळवून लावले नाही. उलट ते दमले असतील, भुकेले असतील म्हणून गिरिजाबाईंना उठवून त्यांना जेवू घातले.

गावात सगळेच नाथांना मानणारे नव्हते. काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितले, की नाथांना राग आणून दाखवशील तर दोनशे रुपये देऊ. तो आला तो सरळ नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ रागावले नाहीत. असे प्रेमाने कोणी भेटले नव्हते असे म्हणून त्यांनी त्याला जेवायलाच ठेवून घेतले. पंगतीत गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तशी त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. नाथ तेवढेच म्हणाले, की सांभाळा, पाहुणा पडेल. त्यावर गिरिजाबाईंनी हसून उत्तर दिले, की हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे, पाहुण्याला पडू देणार नाही. तो ब्राह्मण लाजून पाया पडला. ही गोष्ट कीर्तनकार नाथांच्या शांतीची म्हणून सांगतात. मला ती गिरिजाबाईंचीही वाटते. हातात वाढण्याचे भांडे, समोर पंगत, आणि अशा वेळी हे सुचणे सोपे आहे काय?

पैठणात गावबा म्हणून एक मुलगा होता. त्याला पुरणपोळीचे विलक्षण वेड. रोज पुरणपोळी हवी. आई गरीब, ती रोज कोठून आणणार? शेवटी तिने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे ठेवून घेतले आणि रोज पुरणपोळी खाऊ घातली. भगिनींनो, डाळ शिजवून कट काढणे, गूळ घालून पुरण आटवणे, पाट्यावर वाटणे आणि मग कणीक तिंबून पोळ्या लाटणे, हा आपला सणाचा खटाटोप. तो एका परक्या पोरासाठी रोज! लोक त्याला पुरणपोळ्या म्हणून हसत. त्याला मंत्र शिकवू गेले तर तो एकनाथ या नावाखेरीज दुसरे काही म्हणेना. पुढे नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि त्यांचा देह ठेवण्याचा समय आला. पुढचा ग्रंथ कोणी पुरा केला, तर या गावबाने. ज्याला जग खादाड म्हणून हसले, त्याच्या हातून रामायण पूर्ण झाले. पोटभर घातलेला घास कोठे जाऊन रुजेल हे सांगता येत नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती नुसत्या अन्नदानाची नाही. नाथांच्या घरी वडिलांचे श्राद्ध होते. सोवळ्यातला स्वयंपाक तयार झाला होता आणि पक्वान्नांचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. गावाने अस्पृश्य मानलेले एक कुटुंब तेथून चालले होते. मूल त्या वासाने हट्ट धरू लागले. आईबाप त्याची समजूत घालीत होते, की असले अन्न आपल्या नशिबी नाही. हे बोलणे नाथांच्या कानी पडले आणि ते कळवळले. त्यांनी गिरिजाबाईंना सांगितले. गिरिजाबाईंनी विचार केला, की या तिघांनाच का, यांच्या वस्तीतल्या सर्वांनाच बोलवावे. अन्न भरपूर आहे. झाले, सारी वस्ती पोटभर जेवून तृप्त झाली. मग गिरिजाबाईंनी घर सारवले, स्नान केले आणि ब्राह्मणांसाठी सगळा स्वयंपाक पुन्हा पहिल्यापासून केला. एका दिवसात श्राद्धाचा स्वयंपाक दोनदा! आमंत्रित ब्राह्मण मात्र रागावून जेवायला आले नाहीत. तेव्हा नाथांचे पितर स्वतः येऊन जेवले, असे महिपतींनी आपल्या ग्रंथात सांगितले आहे. नाथ तेवढ्यावरच थांबले नाहीत. त्याच वस्तीतल्या एका भाविक जोडप्याने बोलावले, तेव्हा ते त्यांच्या घरी जाऊन जेवले. आपल्या घरी दुसऱ्याला वाढणे एक वेळ सोपे. त्यात आपला मोठेपणा राहतो. दुसऱ्याच्या घरी त्याच्या हातचे खाणे, यात खरी बरोबरी आहे. आजपासून सव्वाचारशे वर्षांपूर्वी पैठणसारख्या शास्त्री-पंडितांच्या गावात हे करणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

त्याची झळ घरालाही लागली. नाथांना गोदावरी व गंगा या दोन मुली आणि हरिपंडित हा मुलगा. हरिपंडित संस्कृतात मोठा विद्वान झाला. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे आणि कोणाकडेही जेवावे हे त्याला पटेना. तो घर सोडून काशीला निघून गेला. ज्या घरात चोरालाही पान मांडले जाई, तेथे पोटच्या मुलाचेच पान रिकामे राहिले. गिरिजाबाईंच्या जिवाला काय वाटले असेल! नाथ त्याला आणायला काशीला गेले. त्याने दोन अटी घातल्या. प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. ज्या मराठीत त्यांनी १५७३ साली काशीत अठरा हजारांहून अधिक ओव्यांचे भागवत पुरे केले होते, ती मराठी मुलासाठी मुकी ठेवली. हरिपंडित संस्कृतातून सांगू लागला, पण लोकांना कळेना. ऐकणारे कमी होत गेले.

अशा वेळी गावातली एक गरीब विधवा नाथांकडे आली. नवरा असताना तिने सहस्रभोजन घालण्याचा संकल्प केला होता. आता हजार माणसे कोठून जेवू घालणार? एका ब्रह्मज्ञान्याला जेवू घातले तर हजारांचे पुण्य लागेल, असे तिला कोणी सांगितले होते. नाथांनी मुलाचे वचन मोडले नाही आणि बाईचे मनही मोडले नाही. त्यांनी हरिपंडितालाच तिच्या घरी स्वयंपाक करायला सांगितले. जेवण झाल्यावर आपली पत्रावळ उचलायलाही त्यालाच सांगितले. हरिपंडिताने पत्रावळ उचलली तो खाली दुसरी. ती उचलली तो तिसरी. अशा हजार पत्रावळी उचलल्या, असे चरित्र सांगते. हरिपंडिताचा अभिमान तेथेच गळाला. त्याने वडिलांचे पाय धरले आणि पुन्हा मराठीत पुराण सांगा म्हणून विनविले. चमत्कार कोणी मानो न मानो. पण जो मुलगा पोथीने समजला नाही, तो चूल फुंकून आणि उष्टे उचलून समजला, हे मला फार खरे वाटते. उष्टी काढल्यावाचून पंगतीचा अर्थ कळत नाही.

इ. स. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. पैठणला आजही नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या दिंड्या येतात. तुकाराम बीजेला श्रीखंड्याच्या रांजणाची पूजा होऊन भक्त त्यात पाणी भरू लागतात. अष्टमीला दहीहंडी फुटून काला वाटला जातो. काल्यात कोणाचा घास कोणाचा, हे वेगळे काढता येत नाही. जायकवाडी धरणाच्या जलाशयालाही नाथसागर हेच नाव दिले आहे. ज्यांच्या घरचा रांजण सर्वांसाठी भरलेला असे, त्यांचे नाव त्या पाण्याला शोभते.

शेवटी एक मनातली गोष्ट सांगते. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी आपण सगळ्या मिळून पुरणाचा स्वयंपाक करतो. कोणी पुरण वाटते, कोणी लाटते, थट्टामस्करीत दिवस कसा जातो ते कळत नाही. गेल्या वर्षी मीच पाने मांडली. आमच्या पहिल्या तीन पंगती झाल्या. भांडी घासायला आलेल्या दोघी बायका मात्र मागल्या ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या. त्यांच्या पानात शेवटी पडली ती तुटकी पोळी आणि तळाची आमटी. त्यांना बाहेर कोणी बसविले नव्हते. त्यांना आत बोलवावे हे मला सुचलेच नव्हते, एवढेच. घरी येऊन रात्री नाथांची श्राद्धाची गोष्ट आठवली आणि झोप लागली नाही. वास तर त्यांनाही सकाळपासून येत होता.

म्हणून यंदा मी एक ठरविले आहे. पहिल्या पंगतीत त्या दोघींची पाने मांडायची आणि त्यांना माझ्या हाताने वाढायचे. भांडी मग सगळ्या मिळून घासू. आणि त्यांच्यापैकी कोणी कधी आपल्या घरी जेवायला बोलावले, तर जायचे. नाथांचे नाव घेऊन एवढे तरी आपल्या हातून घडावे. माझ्या मैत्रिणी मला साथ देतील याची खात्री आहे.