नागपूरचे हिस्लॉप आणि नावापुढचं ‘रेव्हरंड’

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक असतं. पण हे हिस्लॉप कोण आणि त्यांच्या नावापुढे लागणारं ‘रेव्हरंड’ म्हणजे काय, हे विचारलं की गाडी अडते.

रेव्हरंड हे पद नव्हे, आदराची उपाधी आहे. मूळ लॅटिन शब्द ‘रेव्हरेंदुस’. अर्थ, ज्याचा आदर करावा असा. म्हणजे आपलं ‘आदरणीय’. कीर्तनकारांच्या नावाआधी ह.भ.प. लावतात, तसंच हे. पद वेगळं असतं: पास्टर, प्रीस्ट, बिशप. पदाप्रमाणे उपाधीही चढते. आर्चबिशपांना ‘मोस्ट रेव्हरंड’ म्हणतात.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ सालचा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४४ मध्ये फ्री चर्चने त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली आणि नावापुढे रेव्हरंड लागलं. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली.

आले होते धर्मप्रसारासाठी, पण नजर मातीकडे आणि माणसांकडेही होती. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराचा भूगर्भ अभ्यासला. टाकळीजवळ लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या वनस्पतींचे आणि शंखांचे जीवाश्म शोधले. १८५५ मध्ये त्यांचा शोधनिबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला त्यांचंच नाव मिळालं. गोंडांची भाषा आणि लिंगोची गाथाही त्यांनी टिपून ठेवली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले. परतताना वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. तो ओलांडताना ते बुडाले. वय अवघं ४५.

टिपणं अपुरी राहिली होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये छापली, म्हणून गोंडांची ती गाथा कागदावर वाचली. १८८३ मध्ये कॉलेज सुरू झालं आणि त्याला हिस्लॉप यांचं नाव दिलं गेलं.

‘आदरणीय’ ही उपाधी त्यांना दीक्षेच्या दिवशीच मिळाली होती. कॉलेजच्या नावात मात्र ती नाही. तिथे नुसतं ‘हिस्लॉप’ आहे, आणि नागपूरकरांना तेवढं पुरतं.