ज्ञानकोशकार केतकर

जगातील नाना विषयांची माहिती आपल्या मायबोलीत मिळावी, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्यासाठी आयुष्य वेचणारा पुरुष विरळाच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे असे पुरुष होते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. अमरावतीस शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व तेथील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९११ मध्ये मिळविली. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथही लिहिला. १९१२ साली ते स्वदेशी परतले.

इंग्रजीत ज्ञानाचे मोठमोठे कोश होते. परंतु ज्याला इंग्रजी येत नाही, अशा मराठी माणसाला त्यांचे दार बंद होते. ते दार उघडावयाचे, असा केतकरांनी निश्चय केला. काम अवघड होते. पदरी पैसा नव्हता आणि अनेक नव्या शास्त्रांना मराठीत शब्दही नव्हते. केतकरांनी १९१६ साली नागपुरास ज्ञानकोश मंडळाची स्थापना केली, भागभांडवल उभारले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले. पुढे हे काम पुण्यास चालले. विद्वान सहकारी जमले. जर्मन भाषा जाणणाऱ्या पत्नी शीलवतीबाई यांचेही त्यांना साहाय्य झाले. १९२० नंतरच्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पूर्ण झाले.

विद्यार्थिमित्रांनो, या कोशाची मांडणी लक्षपूर्वक पाहा. माहितीपर ग्रंथ कसा वाचावा, हे तीवरून कळते. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. प्रस्तावना म्हणजे विषयात शिरण्याची वाट. तिच्यावाचून पुढील माहिती विखुरलेली वाटते. त्यानंतर येतात शरीरखंड. त्यांत एकेका विषयाची स्वतंत्र नोंद असून सर्व नोंदी अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने लावल्या आहेत. बाविसावा खंड सूचीचा आहे. हवा असलेला विषय कोठे आला आहे, हे सूची दाखविते. सूची नसेल, तर मोठा ग्रंथ किल्ली हरवलेल्या कोठारासारखा होतो. वाचताना आणखी एक भेद ध्यानी धरावा. पडताळून पाहता येते ते तथ्य. त्यावरून लेखक जो निष्कर्ष काढतो, ते त्याचे मत. तुम्ही स्वतः लिहाल, तेव्हाही या दोहोंची सरमिसळ करू नका आणि माहिती कोठून घेतली, तो संदर्भ अवश्य द्या.

केतकरांनी 'ब्राह्मणकन्या' यांसारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मात्र एवढे कार्य करूनही द्रव्याची ओढाताण त्यांना अखेरपर्यंत सोसावी लागली. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

कोशातील काही माहिती आता जुनी झाली आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण ज्ञान वाढतच असते. परंतु पुढे हा कोश महाजालावरही आला. त्यामुळे भिवंडीजवळच्या टेमघरातील मूलही त्याचे पान उघडू शकते. ते उघडताच त्यास दिसेल की, कोणताही विषय मराठीत मांडता येतो; मात्र मांडणाऱ्यापाशी चिकाटी हवी.