सेवासदनच्या रमाबाई

सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे नर्सच्या कामाला मान नव्हता. परक्या माणसांच्या जखमा धुणे, त्यांची अंथरुणे बदलणे, त्यांच्यासाठी रात्रभर जागणे ही कामे हलकी समजली जात. चांगल्या घरातील मुलीने दवाखान्यात नोकरी करावी, हे लोकांना पसंत नव्हते. दुसरीकडे, कितीतरी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जायला संकोच करीत आणि आजार अंगावर काढीत. बाळंतपणात अनेकींचा जीव जाई. त्यांची देखभाल करायला शिकलेल्या स्त्रियाच हव्या होत्या. त्या कोठून आणायच्या? ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव मोठे आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर. त्या घरात मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. ते मोठे विद्वान आणि समाजसुधारक होते. पुढे ते न्यायमूर्ती म्हणून प्रसिद्ध झाले.

पुण्याला सासरी आल्या तेव्हा रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. रानडे यांनी स्वतः त्यांना शिकवायला सुरुवात केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे आवडले नाही. त्या टोमणे मारीत, नावे ठेवीत. पुढे रमाबाई इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा तर हा विरोध आणखी वाढला. रमाबाई उलट बोलल्या नाहीत, पण त्यांनी पुस्तकही सोडले नाही. शिकणाऱ्याला लोक हसतात तेव्हा मनाला काय वाटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. हा अनुभव पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

१८७८ साली रानडे यांची बदली नाशिकला झाली. येथे रमाबाईंना अभ्यासाला मोकळीक मिळाली. घराबाहेरच्या कामाची सुरुवातही येथेच झाली. नाशिकच्या हायस्कुलातील एका समारंभात त्यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले. ते भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. पुढे मात्र त्यांना लिहून घेण्याची गरज उरली नाही. त्या साधे आणि मनाला भिडेल असे बोलू लागल्या. मुंबईला राहायला गेल्यावर त्यांनी स्त्रियांसाठी भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम आणि हस्तकला यांचे वर्ग चालवले.

१९०१ साली रानडे यांचे निधन झाले. तेव्हा रमाबाई ३८ वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परतल्या. सुमारे एक वर्ष त्यांनी घरातच काढले. मग त्या पुन्हा उठल्या. तुरुंगातील कैदी स्त्रियांना त्या भेटू लागल्या. दवाखान्यात जाऊन रोग्यांना फळे, फुले आणि पुस्तके देऊ लागल्या.

फळे दिल्याने रोग्याला बरे वाटते, पण तेवढ्याने रोग जात नाही. ताप मोजावा लागतो. औषध वेळेवर आणि नेमके द्यावे लागते. जखम स्वच्छ ठेवावी लागते. रोग्याची हालत बिघडते आहे, हे वेळेत ओळखून डॉक्टरांना कळवावे लागते. केवळ दया असून हे जमत नाही. त्यासाठी शिक्षण लागते, सराव लागतो. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या एका रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू केली, ती याच विचाराने.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन ही संस्था स्थापन केली. स्त्रियांना आधार द्यावा आणि नर्सचे शिक्षण द्यावे, असा त्यांचा हेतू होता. त्यांनी रमाबाईंची मदत घेतली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांनी रमाबाईंना या कामात मोठी साथ दिली.

पण शिकायला येणार कोण? आईबाप तयार नव्हते. मुली घाबरत होत्या. रमाबाई आणि त्यांचे सहकारी लोकांना समजावू लागले. त्या काळी लहान वयात विधवा झालेल्या मुलींचे फार हाल होत. अनेकींचे केस कापले जात. शिक्षण नाही, कमाई नाही, मान नाही, असे त्यांचे जिणे होते. नर्सच्या शिक्षणाने त्यांना हुन्नर मिळाला असता आणि रोग्यांनाही आधार मिळाला असता. हळूहळू मुली आणि विधवा स्त्रिया पुढे आल्या. पुण्याच्या ससून रुग्णालयात प्रत्यक्ष काम करीत त्या शिकू लागल्या. नर्सिंग शिकणाऱ्या आणि डॉक्टरीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी संस्थेने वसतिगृहे काढली. त्यामुळे घरापासून दूर राहून शिकणे सोपे झाले.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभात बक्षिसे वाटली जात होती. एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. डोक्यावरून पदर घेतलेला तो विधवेचा वेश पाहून समोर बसलेले काही विद्यार्थी हसले, त्यांनी हुर्यो केली. रमाबाईंना फार दुःख झाले. शेवटी आभार मानायला त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा राग आवरला नाही. दुःखी स्त्रीला हसणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणायचे, असे त्यांनी विचारले. अशी एखादी बहीण किंवा आई तुमच्याही घरी असेल, याची त्यांनी आठवण करून दिली. सारी सभा चिडीचूप झाली.

रमाबाई शेवटपर्यंत काम करीत राहिल्या. आळंदीच्या यात्रेत येणाऱ्या स्त्रियांच्या मदतीला त्या सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन जात. मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, यासाठी त्या पुण्यात झगडल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत पुण्याच्या सेवासदनात शिकणाऱ्यांची संख्या हजाराच्या वर गेली होती. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, रमाबाई स्वतः डॉक्टर नव्हत्या की नर्स नव्हत्या. पण सेवा हे शिकून करायचे काम आहे आणि ते करणाऱ्याला मान मिळाला पाहिजे, या दोन गोष्टी त्यांनी समाजाला पटवून दिल्या. आज गावोगावच्या दवाखान्यांत सर्व जातिधर्मांच्या मुली नर्स म्हणून अभिमानाने काम करतात. त्यांची वाट सोपी करणाऱ्यांत एके काळी पाटीवर अक्षरे गिरवताना टोमणे ऐकणारी ही मुलगीही होती.