संत कूर्मदास

संत कूर्मदास हे वारकरी परंपरेतील पैठणचे संत होत. ज्ञानेश्वर, नामदेव व सावता माळी यांचे समकालीन म्हणून, अर्थात इ. स.च्या 13व्या शतकातील संतांत, परंपरा त्यांची गणना करते. त्यांना हातपाय नव्हते. कूर्म म्हणजे कासव. जमिनीलगत सरकत वाट कापणाऱ्या या संतास हे नाव शोभून दिसते.

त्यांच्या चरित्राचा प्रमुख आधार म्हणजे महिपतीबुवा ताहराबादकर (1715–1790) यांचा ‘भक्तविजय’ हा ओवीबद्ध ग्रंथ. तो 1762 मध्ये, म्हणजे सुमारे साडेचार शतकांनंतर पूर्ण झाला. त्यामुळे पुढील वृत्तान्त इतिहास म्हणून नव्हे, तर भक्तिकथा म्हणून वाचावयास हवा.

पंढरीची वाट

पैठण येथे हरिकथा ऐकत असता पंढरपूरच्या कार्तिकी एकादशीचे माहात्म्य कूर्मदासांच्या कानी पडले आणि त्यांनी वारीस जाण्याचा निश्चय केला. चालणे शक्य नव्हते. कोणी उचलून न्यावे म्हणून ते थांबले नाहीत. पोटावर सरपटत आणि लोळत ते गोदातीराहून भीमातीराकडे निघाले. दिवसाकाठी कोसभर अंतर कापले जाई. वाटेत भेटणारे लोक अन्नपाणी देत. लहूळ (आजचे लऊळ) येथे पोहोचले तेव्हा एकादशी तोंडावर आली होती आणि पंढरी अद्याप कित्येक कोस दूर होती. आता वेळेवर पोहोचणे होणार नाही, हे ओळखून त्यांनी पुढे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या हाती विठ्ठलास निरोप धाडला.

निरोप मिळताच विठ्ठल ज्ञानेश्वर व नामदेव यांना घेऊन निघाले. वाटेत अरण येथे सावता माळ्याच्या मळ्यात शिरून ते त्याच्या उदरी लपले, हा सुपरिचित प्रसंग याच प्रवासातील आहे. पुढे सावता माळ्यासह सर्व जण लहूळला आले. अरण हे पंढरपूरहून लऊळकडे जाताना वाटेवर लागते. कथा चमत्काराची असली तरी तिचा भूगोल चोख आहे.

या भेटीचा शेवट विशेष लक्षणीय आहे. तेरच्या गोरा कुंभारांच्या कथेत तुटलेले हात कीर्तनात पुन्हा फुटतात. कूर्मदासांच्या कथेत असे काही घडत नाही. साक्षात देव समोर उभा असताना ते हातपाय मागत नाहीत. देवाने तेथेच वास्तव्य करावे, एवढेच मागतात. त्यांचे शरीर होते तसेच राहते. पंढरीस न पोहोचलेल्या या वारकऱ्याची वारी मात्र परंपरेने अपुरी मानलेली नाही.

लऊळ

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, कुर्डुवाडीजवळ लऊळ हे गाव असून तेथे कूर्मदासांचे मंदिर आहे. आषाढी वारीसाठी पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी याच परिसरातून, कुर्डू, अरण व करकंब या मार्गाने पंढरपूरला जाते.